नागीण गेली, ठणका राहिला: शेजारच्या चिनी काकूंच्या कॅप्सूल आईला द्यायच्या का?

या वेळचं पत्र सनीवेल, कॅलिफोर्नियाहून आलंय. थोडं कापून देतेय.

"ताई, आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आलीये, वय 68. गेल्या वर्षी तिला नागीण झाली होती, फोड कधीच गेले पण डाव्या बरगडीखालचं दुखणं काही जात नाही. रात्री आग होते म्हणून उठून बसते, पदर लागला तरी सहन होत नाही. नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन चालू आहे, त्याने दुखणं थोडं कमी होतं पण दिवसभर पेंगत असते. बीपीची गोळी पण आहे. शेजारच्या चिनी काकूंना तिची दया आली आणि त्यांनी यान हू सुओ नावाच्या मुळीच्या कॅप्सूल आणून दिल्या, त्यांच्याकडे म्हणे दुखण्यावर सगळे हेच घेतात. मी शोधलं तर अर्वाइनच्या युनिव्हर्सिटीने याच मुळीतून पेनकिलर शोधून काढलंय आणि मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही असं वाचलं. भाऊ पुण्यातून फोनवर ओरडतो की सगळं थोतांड आहे. आई म्हणते झाडपाल्याचं आहे, त्याने काय होणारे. देऊ का? आणि खरंच एवढं सापडलंय तर इतक्या वर्षांत त्याची गोळी का नाही आली? – स. द."

अगं, आधी उत्तर देते मग बाकीचं बोलू. आत्ता त्या कॅप्सूल आईला देऊ नकोस. आणि भावाला सांग की थोतांड हा शब्द इथे अजिबात लागू होत नाही, त्या मुळीत दुखणं कमी करणारी द्रव्यं खरोखर आहेत आणि ती आहेत म्हणूनच मी नको म्हणतेय. ज्यात काहीच नाही अशी पावडर असती तर मी फक्त पैसे वाया जातील एवढंच म्हटलं असतं.

यान हू सुओ म्हणजे कोरिडॅलिस नावाच्या झाडाचा कंद. पूर्व चीनमधल्या जजियांग प्रांतात याची शेती होते, झाड एवढंसं वीतभर, नाजूक पानांचं, आणि जमिनीखाली सेंटिमीटरभर जाडीचे छोटे गोल कंद. शरद ऋतूत लावतात आणि मे महिन्याच्या सुमारास पाला सुकला की उकरून काढतात. मग ते कंद पाण्यात उकळतात आणि एखादा मधोमध कापून बघतात, मध्ये पांढरा ठिपका राहिला असेल तर अजून शिजायचाय, सगळा पिवळा झाला की काढून उन्हात टाकायचा. वाळलेला कंद फोडला की आत मेणासारखी चमक असलेला पिवळाधमक रंग दिसतो. तो रंग त्यातल्या अल्कलॉइड्समुळे आहे, म्हणजे आपल्याला ज्या द्रव्यांबद्दल बोलायचंय त्यांच्यामुळेच.

आता पुढची पायरी मला स्वतःला फार आवडते. दुखण्यासाठी द्यायचा असेल तर चिनी वैद्य हा कंद व्हिनेगरमध्ये शिजवून किंवा परतून घेतात, शेकडो वर्षं घेतायत. का, तर अल्कलॉइड नुसतं पाण्यात नीट विरघळत नाही, आम्लाबरोबर त्याचा क्षार झाला की काढ्यात जास्त उतरतं. हे रसायनशास्त्र त्या वैद्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं पण गुण कशाने जास्त येतो हे त्यांनी पेशंट बघून बघून ओळखलं होतं. 16व्या शतकातल्या ली शीजेन या मोठ्या वैद्याने अंगभर कुठेही दुखत असलं तरी हे उपयोगी पडतं असं लिहून ठेवलंय. आपल्याकडे बचनागाची विषारी मुळी गोमूत्रात नाहीतर दुधात शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत ना, तसंच हे, औषध जेवढं मुळीत असतं तेवढंच ते तयार करण्याच्या रीतीत असतं. आणि तुझ्या बाटलीवर ती रीत लिहिलीये का? नुसती मुळी दळून भरलीये, व्हिनेगरवर प्रक्रिया केलेली आहे, की अर्क काढून दहापट घट्ट केलाय? बघ जरा. या तिन्हींत डोसचा जमीनअस्मानाचा फरक पडतो.

आता तू वाचलेला रिसर्च. तो खरा आहे, चांगला आहे आणि तो नेमका काय आहे हे कळलं तर तुझे निम्मे प्रश्न सुटतील. चीनमध्ये दालियान इथल्या केमिकल फिजिक्सच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिनमियाव लियांग म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी चिनी औषधांतली सगळी द्रव्यं एकेक करून वेगळी काढायचं मोठं काम हाती घेतलं. एका कंदात एक औषध नसतं गं, डझनावारी अल्कलॉइड्स असतात, त्यातली काही एकमेकांची सख्खी भावंडं वाटावीत इतकी सारखी. ती वेगळी करायची म्हणजे अर्क एका बारीक भुकटी भरलेल्या नळीतून दाबाने सोडायचा, प्रत्येक द्रव्य आपापल्या वेगाने बाहेर येतं, ते वेगवेगळ्या बाटल्यांत धरायचं, आणि मग प्रत्येक बाटलीची शरीरातल्या रिसेप्टर्सवर परीक्षा घ्यायची. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची अशी जागा जिथे ठराविक द्रव्य येऊन बसलं की पेशीला निरोप पोचतो. हे दुसरं काम अर्वाइनच्या ऑलिव्हिए सिवेल्ली यांच्या लॅबचं. त्यांचा यात हात बसलेला होता, डोपामिन म्हणजे मेंदूतलं एक निरोप पोचवणारं द्रव्य, त्याचा डी-टू नावाचा रिसेप्टर 1988 साली पहिल्यांदा क्लोन केला, म्हणजे त्याचं जनुक वेगळं काढलं, ते त्यांच्याच गटाने.

या चाळणीतून जे हाती लागलं त्याचं नाव डीहायड्रोकोरिबल्बिन, नाव अवघड आहे, आपण डीएचसीबी म्हणू. जानेवारी 2014 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. उंदरांना तीन तऱ्हेच्या वेदना देऊन बघितलं होतं, एक म्हणजे शेपटीला चटका लागल्यावर होते तशी झटक्याची वेदना, दुसरी सुजेची आणि तिसरी नसेला इजा झाल्याने मागे उरणारी, म्हणजे तुझ्या आईसारखी. तिन्हींत उपयोग झाला. यातली तिसरी महत्त्वाची आहे कारण नसेच्या दुखण्यावर आपल्याकडची नेहमीची औषधं फार तोकडी पडतात, क्रोसिन ब्रुफेनने त्याला काही होत नाही हे तुम्ही अनुभवलंच असेल. आणि दुसरी गोष्ट अशी की मॉर्फिन रोज दिलं तर उंदरांमध्ये त्याचा परिणाम हळूहळू ओसरतो, डोस वाढवावा लागतो, तसं डीएचसीबीचं झालं नाही. शिवाय ज्या उंदरांमध्ये डी-टू रिसेप्टरच नव्हता त्यांच्यात याचा गुण फारसा दिसला नाही, म्हणजे ते काम कुठून करतं त्याचाही पत्ता लागला. मॉर्फिनचा रस्ता वेगळा, याचा वेगळा. अमेरिकेत ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या, गोळ्यांनी घरंच्या घरं उद्ध्वस्त झालीयेत, त्यामुळे वेगळ्या रस्त्याने जाणारं पेनकिलर सापडलं की तिथे केवढी आशा वाटत असेल बघ. 2016 मध्ये याच गटाने नुसत्या एका द्रव्याऐवजी कंदाचा पूर्ण अर्कही उंदरांना देऊन बघितला आणि त्याचाही गुण दिसला.

पण हे सगळं उंदरांमध्ये आहे. मी हे रिसर्चला कमी लेखायला म्हणत नाहीये, सुरुवात तिथूनच होते. नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी 68 वर्षांच्या बाईने, बीपीची गोळी आणि प्रीगाबालिन चालू असताना, किती घ्यावं आणि किती दिवस घ्यावं, याचं उत्तर त्या पेपरमध्ये नाहीये आणि तो पेपर लिहिणाऱ्यांनीही ते दिल्याचा दावा केलेला नाही.

दुसरं म्हणजे बाटलीत डीएचसीबी आहे असं समजू नकोस. असेल, पण ते कंदात थोडंसंच असतं. कॅप्सूल घेऊन माणसाला जे जाणवतं त्यात मोठा वाटा असतो त्याच्या नातेवाईक अल्कलॉइडचा, टेट्राहायड्रोपामाटिन, टीएचपी म्हणते मी. हे काही नवीन नाही, चीनमध्ये त्याचा शुद्ध प्रकार रोटुंडिन नावाने गोळ्यांमध्ये दुखण्यासाठी वापरला जातो. दुखणं कमी करतं आणि त्याचबरोबर झोप आणतं. इथेच तुझ्या आईचा प्रश्न येतो. ती प्रीगाबालिनने आधीच पेंगतेय, त्यावर अजून एक झोप आणणारं औषध घातलं तर रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन पडायची भीती किती वाढेल सांग. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर नागिणीचं दुखणं परवडलं म्हणायची वेळ येते. आणि बीपीची गोळी चालू असताना नाडी मंदावणारं काही मनाने देऊ नये.

नाडीचं का म्हणते ते सांगते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जिन बू हुआन नावाच्या चिनी पेनकिलर गोळ्या मिळायच्या. लेबलवर एका निराळ्याच झाडाचं नाव. 1993 मध्ये कोलोराडोत तीन लहान मुलांनी चुकून त्या गोळ्या खाल्ल्या, मुलं सुस्त पडली, श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावले. तपासणी केली तर गोळीत लेबलवरच्या झाडाचं काही नव्हतंच, होतं ते टीएचपी, तेही गोळीच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त. नंतर मोठ्या माणसांनी दुखण्यासाठी म्हणून नेमाने घेतल्यावर काहींच्या लिव्हरला सूज आल्याचीही उदाहरणं नोंदली गेली. म्हणजे झाडातलं द्रव्य होतं, पण झाडात असतं त्याच्या कितीतरी पट आणि नाव तिसऱ्याचंच. आई म्हणते झाडपाल्याने काय होणारे, तिला ही गोष्ट सांग, ओरडून नको, शांतपणे सांग.

अमेरिकेत 1994च्या कायद्यापासून अशा गोष्टी सप्लिमेंट म्हणून विकल्या जातात, बाजारात आणण्याआधी हे चालतं आणि सुरक्षित आहे असं कंपनीला एफडीए या तिथल्या सरकारी औषध खात्यापुढे सिद्ध करावं लागत नाही. त्यामुळे सुंदर डबा, अमेरिकन पत्ता, बारकोड, यातलं काहीच आत किती टीएचपी आहे ते सांगत नाही. आपल्याकडेही गुडघेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडतं ना, माणूस आठवड्यात धावायला लागतो आणि वर्षभराने साखर आणि हाडं दोन्ही बिघडलेली असतात. मूळ वैद्यकाची यात काही चूक नाही, वैद्याशिवाय औषध विकण्याची आहे.

गोळी का नाही आली हे तू विचारलंस, ते मला खूप बरं वाटलं कारण सहसा लोक इथे थेट कंपन्यांनी दाबून टाकलं असं म्हणून मोकळे होतात. खरं कारण त्या डी-टू रिसेप्टरमध्येच बघ. डीएचसीबी हा रिसेप्टर अडवतं, आणि तो अडवणारी औषधं आपण आधीपासून वापरतोय, मानसिक आजारांची बरीच औषधं, आणि उलटीवर देतात ते मेटोक्लोप्रामाइड, आपल्याकडे पेरिनॉर्म म्हणतात ते. थोडे दिवस ठीक असतात पण महिनोन्‌महिने घेतली तर काहींना हात थरथरणं, अंग ताठरणं, तोंडाच्या आपोआप हालचाली होणं असा त्रास सुरू होतो आणि म्हाताऱ्या माणसांना, त्यातही बायकांना, तो जास्त होतो. डीएचसीबीची पकड त्यामानाने सौम्य आहे, पण नागिणीचं दुखणं काही आठवड्याचं नसतं, औषध लांब घ्यावं लागणार, म्हणून माणसांमध्ये लांब मुदतीत काय होतं हे बघितल्याशिवाय कोणी शहाणा माणूस गोळी काढणार नाही. त्यात वेळ जातो, पैसा जातो, आणि मुळात निसर्गात सापडणाऱ्या द्रव्याचं पेटंट अवघड असल्याने पैसा लावणारेही कमी. आईला किंवा घरात कोणाला कंपवात असेल आणि त्याची औषधं चालू असतील तर ही मुळी त्या औषधांच्या बरोबर उलट दिशेला ओढेल, हेही लक्षात ठेव.

तरी मला चिनी औषधांतल्या या शोधाबद्दल मनापासून आदर आहे आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. तू यूयू नावाच्या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधलं ते चौथ्या शतकातल्या गे होंगच्या नोंदीवरून, त्यात वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्या असं होतं, उकळा असं नव्हतं, तिथे त्यांना सुचलं की उष्णतेने औषध मरत असेल, मग त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि तो चालला. 2015 मध्ये नोबेल मिळालं. जुनं लिखाण इतक्या बारकाईने आणि इतक्या संशयाने वाचणं दोन्ही एकदम जमावं लागतं. दमाखोकल्यावर वापरलेलं एफेड्रिनही मा हुआंग नावाच्या चिनी वनस्पतीतलंच. सांधेदुखीसाठी तिथे आज सिनोमेनिन वापरतात, ते एका वेलीतून येतं. बचनागाच्या कुळातल्या झाडांतूनही त्यांनी दुखण्यावरची शुद्ध द्रव्यं काढलीयेत, पण त्याच झाडांच्या कच्च्या मुळ्या घालून केलेल्या दारू आणि काढे पिऊन माणसं दगावलीयेत, हृदयाचे ठोकेच बिघडतात त्याने. काकूंनी उद्या प्रेमाने फूझी किंवा त्साओ वू नावाचं काही आणलं, म्हणजे याच बचनागाच्या कुळातल्या मुळ्या, तर ते आईच्या पोटात जाता कामा नये, याला अपवाद नाही.

आता आईसाठी काय करायचं. पहिलं म्हणजे प्रीगाबालिन रागारागाने एकदम बंद करू नका, ते हळूहळूच उतरवावं लागतं. पुण्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लाव, व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीचा आजार बहुतेक वेळा बसत नाही त्यामुळे तिथे महागात पडेल, आणि त्यांना दोन गोष्टी नेमक्या विचार. किडनीची शेवटची टेस्ट कधी झाली आणि डोस त्याप्रमाणे आहे का, कारण हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं आणि किडनी थोडी मंद असली तर तेवढ्याच गोळीने माणूस दुप्पट पेंगतो. आणि दिवसाचा डोस कमी करून रात्रीकडे सरकवता येईल का, कारण आईचा खरा छळ रात्रीच होतोय. कित्येकदा एवढ्यावरच माणूस माणसात येतो.

दुसरं, लिडोकेनचा पॅच. चार टक्क्यांचा तिथल्या फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतो, दुखऱ्या जागेवर चिकटवायचा, कातडी अखंड असली पाहिजे, फोड किंवा जखम नको, आणि पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ ठेवायचा नाही. औषध त्या जागीच काम करतं, डोक्यात जात नाही, म्हणजे पेंग नाही. पदर सहन होत नाही म्हणतेस ना, पॅच त्या जागेला कपड्यापासून झाकतोही, त्याने सुद्धा बायकांना बरं वाटतं. सैल सुती कपडे घालू दे तिला घरात, पंजाबी ड्रेस, गाऊन, काहीही, सहा महिने साडी नाही नेसली तर चालेल.

आणि तिला वनस्पतीचंच औषध हवं असेल तर एक आहे जे नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी माणसांवर तपासून मान्य झालंय, मिरचीतलं कॅप्सायसिन. आठ टक्क्यांचा पॅच असतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तासभर लावून काढतात, आधी जागा चांगलीच भाजते, पण मग त्या नसांची टोकं जणू आखडून घेतात आणि काहींना तीन महिन्यांपर्यंत आराम पडतो. मिरची आणि चटका यांच्यामागचा रिसेप्टर तुझ्यापासून तासाभराच्या अंतरावर, सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबने 1997 मध्ये शोधला आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. घरी मिरची वाटून लावायचे प्रयोग मात्र नकोत, कातडी सोलवटेल.

काकूंचं मन दुखवू नकोस, त्यांनी जिवाभावाने आणलंय. डॉक्टरांना विचारून सांगते म्हण आणि खरंच विचार, बाटलीच्या चारी बाजूंचे फोटो काढून डॉक्टरांना पाठव. पुढे कधी प्रीगाबालिन कमी झालं, लिव्हरच्या टेस्ट ठीक आल्या, डॉक्टरांचीही हरकत नसली आणि आईला करून बघायचंच असलं तर कॅलिफोर्नियात चिनी औषधांची परीक्षा देऊन लायसन्स घेतलेले वैद्य असतात, त्यांच्याकडे सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन जा, थोड्या दिवसांसाठी आणि लिव्हरवर लक्ष ठेवून. यातलं काहीच त्या बाटलीने होत नाहीये म्हणून मी नको म्हणतेय. आणि तुला लिहायच्या आधीच आईने दोनचार कॅप्सूल घेतल्या असतील तर घाबरू नका, बंद करा, पण डॉक्टरांना सांगा. डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी झाली, उठवून उठेना इतकी झोपली किंवा नाडी फार मंद लागली तर मात्र फोनवर न थांबता थेट इमर्जन्सीत न्यायचं.

अजून एक, तू स्वतः पन्नाशीला आलीस की शिंगल्सची, म्हणजे नागिणीची, लस घे, दोन डोस असतात, आणि भावालाही सांग. आईलाही नागीण होऊन गेली असली तरी डॉक्टरांना विचारून देता येते. दोन आठवड्यांनी मला कळव, पॅच लावल्यावर रात्री किती वेळा उठतेय ते एका वहीत लिहून ठेव, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.